चौथी काच

प्रयोगशाळेच्या प्रमुख बू सुलास्त्रींनी, म्हणजे सुलास्त्रीबाईंनी, आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांना त्याचाच धाक वाटायचा. ओरडणाऱ्या बाईचं बरं असतं, ओरडून झालं की विषय संपतो. बू सुलास्त्री हसायच्या. ‘जरा वेगळं करून बघू या का?’ एवढंच म्हणायच्या. त्या ‘वेगळं’चा अर्थ पुढच्या आठवड्यात कळायचा, तोवर आपलं टेबल हललेलं असायचं.

मास वासिसचं, म्हणजे वासिसदादाचं, टेबल असंच हललं. इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या त्या भात-प्रयोगशाळेतला तो सगळ्यांत मुरलेला संशोधक. नमुन्याचा थेंब काचपट्टीवर सोडून वरून पातळ झाकणकाच अशी टेकवायची की आत एक बुडबुडा राहू नये, हे काम त्याच्यासारखं कुणाला जमत नसे, आणि ते तो स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे. तोच वासिस आता खालच्या कोठीत बसून हातमोजे संपले का, औषधांची खोकी आली का, ते बघत होता. बूंनी त्याला ‘थोडा आराम’ असं नाव दिलं होतं.

हे त्याच प्रयोगशाळेतल्या विदुरीमुळे झालं होतं. विदुरीला ते ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. वासिसला तर नाहीच नाही.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर या बाईनं नेमकं काय शेण खाल्लं ते कळायचं नाही. कमी पाण्यावर तगणारा एक भात होता आणि दुसरा साधा. दोन्हींची रोपं कुंड्यांत वाढवून पाणी तोडायचं, मग पानांतून अर्क काढायचा. तगणाऱ्या भाताच्या अर्काला लाल रंग, साध्याला हिरवा, आणि दोन्ही मिळून एका काचपट्टीवर सोडायचे. काचेवर हजारो ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक जनुक. जिथं लाल जास्त चमकेल ते जनुक तगणाऱ्या भातात जास्त जागं, जिथं दोन्ही सारखे तिथं पिवळा. एका काचेवर कोण विसंबणार? म्हणून चार काचा करायच्या, चार वेगळ्या कुंड्यांतल्या रोपांच्या. तीन विदुरीकडे होत्या आणि चौथी वासिसकडे.

आता या काचा कधी सारख्या उजळत नाहीत. एकीवर रंग जास्त चढतो, दुसरी धुताना फिकी पडते. तुलना करायच्या आधी सगळ्यांना एका पातळीवर आणावं लागतं. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि त्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. एक पद्धत प्रत्येक काचेचा फक्त मधला आकडा जुळवते. दुसरी फिकट ठिपक्यांचा आणि गडद ठिपक्यांचा वेगवेगळा हिशोब करून वाकडी रेघ सरळ करते. तिसरी तर सगळ्या काचांचे आकडे एकाच साच्यातून काढते. कुठली घ्यायची यावर माणसं परिषदांमध्ये तावातावानं भांडतात. बूंचा नियम मात्र सोपा होता. “ज्या पद्धतीत आपल्या काचा एकमेकींच्या जास्तीत जास्त जवळ बसतात, ती आपली पद्धत.”

नियमात खोट नव्हती. फक्त काचा खरोखर वेगवेगळ्या कुंड्यांच्या असायला हव्या होत्या.

विदुरीच्या नव्हत्या. अर्काच्या नळ्या बर्फात ठेवून ती नानिकबरोबर जेवायला गेली. नानिक म्हणजे शेजारच्या टेबलावरची, बोलायला लागली की थांबत नाही अशी. त्या दिवशी नानिकच्या नणंदेचं लग्न मोडलं होतं आणि ती गोष्ट अर्धवट सोडून उठणं अशक्य होतं. परत येईपर्यंत बर्फाचं कोमट पाणी झालेलं. दोन कुंड्यांचा अर्क नासला, एक नळी तेवढी शीतपेटीत होती म्हणून वाचली. कुंड्यांतली रोपं तर आधीच उपटून टाकलेली. पुन्हा रोपं लावायची म्हणजे अख्खा हंगाम गेला, आणि बूंना काय सांगायचं? की मी जेवत होते? तिनं वाचलेल्या नळीचे तीन भाग केले आणि तीन काचा केल्या. सवडीनं नवीन रोपं लावून हे निस्तरू असं तिनं स्वतःला सांगितलं. ती सवड आली नाही. असल्या सवडी येत नसतात.

नंतर ती कॉम्प्युटरसमोर बसून एकेक पद्धत लावून बघायला लागली. मधला आकडा जुळवला, तर तिच्या तीन काचा एकमेकींवर चढून बसल्या. वाकडी रेघ सरळ केली, तरी त्या तिघी एकत्रच. साच्यातून काढल्या तेव्हा तर एकीवरून दुसरी ओळखू येईना. वासिसची चौथी काच दर वेळी थोडी लांब उभी. आणि गंमत अशी की बू सुलास्त्री आपल्या डॉक्टरेटपासून ज्या जनुकामागे लागल्या होत्या, मुळं खोल न्यायला लावणारं ते जनुक, विदुरीच्या तिन्ही काचांवर लालभडक होतं. वासिसच्या काचेवर ते होतं पिवळं. तिथं काही घडलंच नव्हतं.

विदुरीला लगेच कळलं. एकाच किटलीतला चहा तीन कपांत ओतला तर तीन कपांची चव सारखीच लागणार, त्यात कौतुक कसलं? वेगळ्या किटलीतला कप एकच होता आणि तो वासिसचा. खरं सांगायचं तर तिच्या हाती चार कुंड्या नव्हत्याच, दोनच होत्या, आणि त्या दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. कुठलीही पद्धत लावली तरी ते मिटणारं नव्हतं.

हे सगळं कळूनही तिनं साचेवाली पद्धत निवडली, तीन काचा घेतल्या आणि चौथी बाजूला ठेवली. पद्धत निवडताना आपण पद्धत निवडत नाही, उत्तर निवडतोय, हे तिला दिसत होतं. तिनं तिकडं बघायचं टाळलं.

बैठकीत तिनं पडद्यावर चित्र लावलं. तीन रेषा एकत्र, चौथी अलग.

“किती सुरेख बसल्यात!” बू म्हणाल्या. “आणि ही चौथी?”

“ती… जरा बाजूला पडतेय, बू.”

“कुणाची ती?”

विदुरी टेबलाकडे बघत राहिली. नानिकनं मान वळवून वासिसकडे पाहिलं, मग बाकीच्यांनीही.

“माझीच असणार,” वासिस हसत म्हणाला. “लग्नातल्या फोटोतसुद्धा मी कडेलाच असतो.”

सगळे खदखदून हसले. “झाकणकाच टेकवताना हात हलला की काय, मास?” नानिकनं टोमणा मारला. “एवढा त्या हातांचा डंका पिटत असतोस!”

“हलला असेल बाई. वय झालं आता.”

“विदुरी, तुम्हाला काय वाटतं?” बूंनी विचारलं.

सांगायची वेळ ती होती. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, बस. विदुरी भलतंच बोलून गेली.

“असेल, बू. बुडबुडा राहिला असेल.”

बू सुलास्त्री हसल्या. “मग मास वासिसना जरा आराम देऊ या का?”

त्यानंतर वासिस बदलत गेला, आणि ते रोज डोळ्यांदेखत बघणं विदुरीच्या वाट्याला आलं. तुगू स्टेशनामागच्या गाडीवर पेटता कोळसा टाकून कॉफी मिळते, ती प्यायल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे. ती त्यानं सोडली. कॉफीनं हात कापतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून. मग तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला आणि चष्मा घेऊन आला. कोठीत कुणी नसलं की दोन्ही हात समोर धरून बघत बसायचा. विदुरी एकदा हातमोजे मागायला गेली तेव्हा तिनं ते पाहिलं, आणि हातमोजे न मागताच जिना चढून वर आली.

एका संध्याकाळी कॉफीच्या गाडीवर तो तिला भेटला. हातात आल्याचा चहा होता.

“अगं विद, बस की. माशासारखी काय निसटतेस हल्ली?”

“काम होतं, मास.”

“असणारच. आता तू मोठी.” त्यानं केळीच्या पानातली भाताची पुडी तिच्यापुढे सरकवली. “खा. बरं झालं बघ, तू होतीस ते. दुसऱ्या कुणी डोळेझाक करून माझी ती घाण काच तशीच घुसडली असती आणि सगळं काम नासलं असतं. बूंना तोंड दाखवायला जागा उरली नसती मला.”

“असं नको बोलूस.”

“का? खरं ते बोलतोय. तुला एक सांगू? मी घरी तांदळाचे दाणे चिमट्यानं उचलून सराव करतो. बायको हसते. म्हणते, कोंबडी बाळगा, ती फुकट उचलेल.”

तो स्वतःच मोठ्यानं हसला. विदुरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे असं तिला आजवर वाटत होतं. परीक्षेत नापास झाल्यावर वाटते ती, लोकांसमोर पाय अडकून पडल्यावर वाटते ती. ही वेगळी होती. ही कुणाला दिसत नव्हती, म्हणून तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. समोरचा माणूस तिच्या खोटेपणाबद्दल तिचेच आभार मानत होता आणि वर जेवायला घालत होता. तिनं तो भात निमूट संपवला. खरं मात्र सांगितलं नाही. भित्री होती, दुसरं काय!

आणि मग परदेशातल्या एका मासिकानं बूंचा लेख स्वीकारला. पहिलं नाव विदुरीचं, शेवटचं बूंचं, मधे कुठंतरी वासिसचं. बू पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि ज्या जनुकासाठी केस पिकवले ते अखेर जगासमोर येणार होतं. त्यांनी आभाराचं जेवण ठरवलं. हळदीच्या पिवळ्या भाताचा उंच शंकू, भोवती खोबऱ्यातल्या भाज्या, अंडी, सोयाबीन आंबवून केलेलं तळलेलं तेंपे, अख्खी शिजवलेली कोंबडी. नानिकनं सकाळपासून बैठकीच्या खोलीत नुसता गोंधळ घातला होता. डीनसाहेब आले, त्यांना सगळे आदरानं पाक त्रियोनो म्हणत. कोठीतून वासिसही वर आला, ठेवणीतला बातिकचा शर्ट घालून.

प्रार्थना झाली. मग बू सुलास्त्रींनी सुरी घेतली आणि भाताच्या शंकूचा शेंडा कापला. हा शेंडा ज्याच्यामुळे हा दिवस आला त्याला द्यायचा असतो. सहसा सगळ्यांत वडीलधाऱ्याला मिळतो, म्हणजे पाक त्रियोनोंना मिळायला हवा होता, आणि त्यांनी शर्टही सारखा केला होता. पण बूंनी बशी दोन्ही हातांनी विदुरीपुढे धरली.

“आज मी रीत मोडते,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “इतकी वर्षं मी ज्या दाराशी उभी होते ते या मुलीनं उघडलं.”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात वासिसनं वाजवल्या.

विदुरीनं बशी घेतली. हातात शेंडा, समोर बू, मागं वासिसच्या टाळ्या. ती नुसतं ‘आभारी आहे’ म्हणून बसू शकली असती, आणि बसली असती तर उरलेल्या आयुष्यात रोज तो शेंडा गिळत राहिली असती. तिला एकाएकी उबग आला, स्वतःचा.

“बू,” ती म्हणाली, “चौथी काच खराब नव्हती. मास वासिसचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती.”

मग बू सुलास्त्रींच्या चेहऱ्यावर मायेचं हसू पसरलं.

“बघितलंत, पाक?” त्या डीनसाहेबांकडे वळल्या. “याला म्हणतात संस्कार. एवढं यश मिळालं तरी सोबत्याची चूक स्वतःवर घेतेय.”

“वा!” पाक त्रियोनो म्हणाले. “आजकाल असं दिसत नाही हो.”

पुन्हा टाळ्या. नानिकनं नाक पुसलं. वासिस तर पुढं आला, चष्मा काढून डोळे टिपत म्हणाला, “अगं विद, कशाला गं? माझी काच होती, मी निस्तरीन. तू कशाला माझ्यासाठी मान खाली घालतेस?”

खरं तर इथं तिला थांबता आलं असतं. सांगितल्याचं समाधान पदरात पडलं होतं, वर मोठेपणाही फुकट मिळाला होता, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. विदुरीला तो मोह झाला. झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. वासिसचे ओले डोळे समोर नसते तर ती त्याला बळीही पडली असती.

“नाही, ऐका,” ती म्हणाली. आवाज चिरका आला, डीनसाहेबांसमोर येऊ नये असा. “मी मोठेपणा करत नाहीये. माझ्या तीन काचा एकाच नळीतून केलेल्या आहेत. एकाच कुंडीच्या. बाकी दोन कुंड्यांचा अर्क माझ्या हातून नासला, मी जेवायला गेले होते तेव्हा. मी ते लपवलं. तीन काचा सारख्या येतात कारण ती एकच गोष्ट तीनदा मोजलेली आहे. वेगळ्या रोपाची काच एकच होती, मास वासिसची, आणि तिच्यावर आपलं जनुक पिवळं आहे. मी पद्धती लावून बघितल्या आणि जिच्यात माझं झाकलं जाईल ती निवडली. लेख मागं घ्यायला हवा, बू.”

आता टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नानिकच्या हातातला पळा भातात रुतला तो तसाच राहिला. पाक त्रियोनो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले, जणू त्यांना दुसरीकडे कुठं पोचायचं होतं. बू सुलास्त्रींचं हसू चेहऱ्यावरच होतं, फक्त आता ते तिथं विसरून राहिल्यासारखं वाटत होतं. त्या खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत प्रथमच त्या विदुरीला म्हाताऱ्या दिसल्या.

“यावर आपण सोमवारी बोलू या का?” त्या हळू म्हणाल्या. “आता पाहुणे आहेत.”

“हो, बू.”

वासिस तिथंच उभा होता.

“म्हणजे माझ्या काचेत काही बिघाड नव्हता,” तो म्हणाला.

“नव्हता.”

“बुडबुडाही नव्हता.”

“नव्हता, मास.”

“आणि हे तुला बैठकीच्या आधी ठाऊक होतं.”

तिला खोटं बोलता आलं असतं. नंतर कळलं म्हणाली असती तर त्याला थोडं तरी सोपं गेलं असतं, आणि तिलाही.

“आधीच ठाऊक होतं.”

वासिसनं मान हलवली. विदुरी शिवीची वाट बघत होती. त्याच्या शिव्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध होत्या, स्कॅनर बिघडला की तो त्याच्या सात पिढ्या काढायचा. तशी एखादी सणसणीत आली असती तर तिनं ती आनंदानं पदरात घेतली असती. कानाखाली बसली असती तरी चाललं असतं. त्यानंतर केव्हातरी, वर्षादोनवर्षांनी का होईना, दोघं पुन्हा कॉफीच्या गाडीवर बसली असती.

पण तो एक पाऊल मागं सरकला. हात पुढं जोडून, कमरेत किंचित वाकून उभा राहिला, जसा तो डीनसाहेबांसमोर उभा राहायचा. आणि मोठ्यांसाठी वेगळेच शब्द असलेल्या ज्या अदबीच्या जावानी भाषेत तो सासऱ्यांशी आणि सरकारी अधिकाऱ्यांशी बोलायचा, त्या भाषेत, एकही शब्द न चुकता म्हणाला,

“आपण बसून घ्यावं, बू विदुरी. भात गार होतोय. आपल्याला भाजी वाढू का?”

त्यानं वाढलीही. भाजी, अंडं, तेंप्याचा तुकडा, सगळं नीट कडेकडेनं, शेंड्याला धक्का न लावता. मग पाण्याचा पेला उजव्या हातानं पुढं ठेवला, पुन्हा किंचित वाकला आणि पाक त्रियोनोंना वाढायला गेला.

खोलीतले सगळे विदुरी पहिला घास कधी घेते याची वाट बघत होते, कारण शेंडा मिळालेल्या माणसानं खाल्ल्याशिवाय बाकीच्यांना जेवता येत नाही. तिनं घास घेतला.